मुलगी एकटी धावत नाही: रिले शर्यत नेमकी असते तरी काय?

सिद्धेश्वर धरणाच्या बाजूच्या रस्त्यावर फजरनंतर फेरफटका मारला, तर पळणारी पोरं दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतो, कुणी सैन्याची. मुली मात्र मोजक्याच. कारण विचारलं तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं, "एकटीला कसं पाठवायचं?"

काळजी खोटी नाही. पहाटेचा अंधार असतो, रस्ता सुनसान असतो. म्हणूनच आज अशा एका शर्यतीबद्दल बोलू, जिच्यात मुलगी एकटी नसतेच. ती म्हणजे रिले.

चौघींची एक शर्यत

रिलेमध्ये एका संघाच्या चार जणी असतात. पहिली धावते, हातातली नळी दुसरीला देते, मग दुसरी तिसरीला, तिसरी चौथीला. या नळीला बॅटन म्हणतात. ती आतून पोकळ असते, लांबी २८ ते ३० सेंटीमीटर आणि वजन किमान ५० ग्रॅम. शर्यत माणसांची असली तरी रेषेपर्यंत पोहोचायला हवी ती बॅटन.

४ बाय ४०० मध्ये प्रत्येकीने मैदानाची एक पूर्ण फेरी मारायची. पहिली अख्खी फेरी आपल्याच पट्ट्यात धावते. दुसरी पहिल्या वळणापर्यंत पट्ट्यात राहते, मग सगळ्याजणी आतल्या बाजूला येतात. बॅटन द्यायला २० मीटरचा ठरलेला टप्पा असतो. त्याच्या आत किंवा बाहेर पाय कुठे आहे ते बघत नाहीत, बॅटन कुठे आहे ते बघतात. टप्प्याबाहेर दिली तर संघ बाद.

बॅटन पडली तर? जिच्या हातून पडली तिनेच उचलायची. दुसऱ्या संघाला अडथळा केला नाही आणि अंतर वाचवलं नाही, तर शर्यत पुढे चालू राहते. म्हणजे चूक झाली की सगळं संपलं, असं नाही.

आणखी एक गोष्ट. ४ बाय १०० मध्ये पुढची मुलगी मागे न बघता हात मागे करते. ४ बाय ४०० मध्ये मात्र ती वळून बघते. कारण ४०० मीटर पळून आलेल्या मैत्रिणीचे पाय जड झालेले असतात. ती किती वेगात येईल, हे आधी सांगता येत नाही. तिच्याकडे बघूनच आपला वेग ठरवावा लागतो.

दहिसर ते हांगझोऊ

४ ऑक्टोबर २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई खेळांत भारतीय मुलींनी ४ बाय ४०० चं रौप्यपदक जिंकलं. संघात विद्या रामराज, ऐश्वर्या मिश्रा, प्राची आणि शुभा वेंकटेशन होत्या. वेळ होती ३ मिनिटे २७.८५ सेकंद, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी ५२ सेकंद. सुवर्ण बहारीनने नेलं. यातली ऐश्वर्या आपल्या मुंबईची, दहिसरची, भाजी विकणाऱ्या बापाची लेक.

त्याआधी २००२ ते २०१८ या काळात सलग पाच आशियाई खेळांत हे सुवर्ण भारतीय मुलींनीच जिंकलं होतं. २०१८ ला जकार्तामध्ये जिंकलेल्या चौघींत सरिता गायकवाड होती. ती डांगची. डांग गुजरातमध्ये, पण आपल्या नाशिक जिल्ह्याला अगदी लागून. आदिवासी गावातली ही मुलगी आधी खो-खो खेळायची, धावणं नंतर आलं. आपल्या शाळांत खो-खो खेळणाऱ्या मुली आहेतच की. झटकन वळणं, दम टिकवणं, सोबतीणीवर नजर ठेवणं, हे सगळं त्यांच्याकडे तयार असतं.

बर्फावरही हेच

थंड देशांत हीच शर्यत बर्फावर होते. पायाला लांब पट्ट्या म्हणजे स्की बांधून, हातात दोन काठ्या घेऊन चौघी पाळीपाळीने जंगल-टेकड्यांतून जातात. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये महिलांची स्की रिले १९५६ ला सुरू झाली. तेव्हा तिघी असायच्या, १९७६ पासून चौघी झाल्या. प्रत्येकीला ५ किलोमीटर असायचे, २०२६ पासून ते ७.५ झाले, पुरुषांएवढेच.

तिथे बॅटन नसते, कारण हातात काठ्या असतात. येणारी जाणारीला हाताने स्पर्श करते, की तिची पाळी सुरू. २०१४ ला रशियातल्या सोचीमध्ये स्वीडनची शार्लोट कल्ला शेवटच्या फेरीला निघाली, तेव्हा तिचा संघ २५ सेकंदांहून जास्त मागे होता. शेवटी फिनलंडच्या अर्धा सेकंद पुढे राहून तिने सुवर्ण आणलं. आधीच्या तिघींनी अंतर तेवढ्यावर रोखून धरलं होतं, म्हणून ते भरून काढता आलं.

कपड्यांचं काय?

आपल्या घरांत हा प्रश्न येतोच. बर्फावर तर सगळ्याच जणी अंगभर कपडे आणि टोपी घालतात. धावण्यातही अंगभर कपडे आणि डोकं झाकून उतरता येतं. बहारीनची रुकय्या अल-घसरा २००६ च्या दोहा आशियाई खेळांत हिजाब घालून २०० मीटरचं सुवर्ण जिंकली. प्रत्येक देशात वाट इतकी सरळ नसते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सची रिले धावपटू सुंकांबा सिल्ला हिला हिजाबवरून उद्घाटन सोहळ्यात अडवलं जात होतं. शेवटी टोपी घालण्यावर तोडगा निघाला.

आपल्याकडे सुरुवात कशी करायची?

शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. १७ आणि १९ वर्षांखालील मुलींसाठी रिले त्यात असते. नोंदणी शाळेमार्फतच होते, त्यामुळे आधी खेळाच्या सरांना किंवा मॅडमना भेटा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातही माहिती मिळते.

प्रमाणपत्रं जपून ठेवा. पात्र कामगिरी असेल तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, आणि राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. अटी असतात, प्रमाणपत्राची पडताळणीही होते, म्हणून कागद पहिल्या दिवसापासून नीट हवेत. पदक नाही मिळालं तरी दम कामाला येतो. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, म्हणजे रिलेच्या दोन फेऱ्याच.

सरावाला चांगलं मैदान नसलं तरी अडत नाही. शाळेचं पटांगण, चुना टाकून आखलेली फेरी आणि फूटभर लांबीचा गुळगुळीत पाइप एवढ्यावर बॅटन देण्या-घेण्याचा सराव होतो. पहिले पंधरा दिवस नुसतं चालत चालत बॅटन द्यायला शिकवा, मग हळू पळत.

आणि त्या पहिल्या प्रश्नाबद्दल. एका मुलीला पहाटे पाठवायला जीव धजत नाही, हे खरं. पण मोहल्ल्यातल्या चार मुली एकत्र निघाल्या, सोबत आज एकीची अम्मी, उद्या दुसरीचे अब्बा असे पाळीने गेले, तर? चार घरांनी मिळून एकदा बोलून बघा. संघाला चौघीच लागतात.