जुनी वेगवान गाडी, घरचं गॅरेज (भाग ६) : हवा कुठे मुरतेय?

पहिल्या ऑक्टेव्हिया आरएसचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "आता पूर्वीसारखी ओढत नाही, वय झालं गाडीचं." ज्या इंजिनाला वेळच्या वेळी चांगलं तेल मिळालंय (मागच्या आठवड्यात आपण तेलाचंच पाहिलं), त्याच्या बाबतीत मला हे मुळीच पटत नाही. ब्लॉकचं लोखंड वीस वर्षांत दमत नाही, रबर आणि प्लास्टिक मात्र नक्की दमतं. आणि या गाडीची निम्मी ताकद रबराच्या नळ्यांतूनच इंजिनापर्यंत पोचते. म्हणून इंजिन खोलायच्या गोष्टी कुणी सुरू केल्या, तर आधी नळ्या तपासा.

ही गाडी आपल्याकडे २००४ साली आली. १.८ लिटरचं, चार सिलिंडरचं, वीस वॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन. युरोपातल्या आरएसला १८० अश्वशक्ती होती, आपल्याला मिळाली ती १५०ची. तरीही त्या काळात टर्बो म्हटलं की लोकांना डिझेलच आठवायचं, आणि पेट्रोलची फॅमिली गाडी अशी पाठीला सीटवर दाबून धरते याचं केवढं अप्रूप होतं! ऑक्टेव्हियाची जोडणी व्हायची ती औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बॉनेटखालच्या रबराचे काय हाल होतात, हे त्या भागातल्या मालकांना वेगळं सांगायला नको. घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने एक मोठी सोय अशी, की याच घराण्याचं इंजिन फोक्सवॅगन गोल्फ, ऑडी ए३ आणि टीटी यांतही होतं. त्यामुळे याचे रोग जगभर ओळखीचे आहेत आणि औषधंही मिळतात.

हवेची वाट आधी डोळ्यांसमोर आणू. फिल्टर बॉक्समधून निघालेली हवा पहिल्यांदा एअर फ्लो मीटरमधून जाते. तिथे तिचं वजन मोजलं जातं. मग जाड काळ्या रबरी कोपराच्या पाइपातून ती इंजिनामागे उतरून टर्बोत शिरते. टर्बो तिला दाबतो, दाबल्याने ती तापते, म्हणून इंटरकूलरमध्ये जाऊन गार होते, आणि थ्रॉटल बॉडीतून मॅनिफोल्डमध्ये येते. तिथून वॉल्व्ह आणि सिलिंडर. कॉम्प्युटरचा सगळा हिशोब त्या पहिल्या मोजणीवर चालतो : एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा. मोजलेली सगळी हवा सिलिंडरात पोचली आणि न मोजलेली आत आली नाही, तरच हा हिशोब जुळतो. नळीला भेग पडली की या दोन्हींपैकी एक अट मोडते. कोणती मोडते, हे भेग कुठे आहे त्यावर ठरतं. या प्रकरणातली खरी मेख हीच आहे.

भेग मीटर आणि टर्बो यांच्या मधे असेल, तर तिथे कायम ओढ असते. न मोजलेली हवा सतत आत येते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. पेट्रोल कमी पडणं हा यातला लहान तोटा. खरी भीती धुळीची, कारण ही हवा फिल्टर चुकवून आलेली असते. मिनिटाला लाखभराहून जास्त फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पात्यांवर ती धूळ बसते आणि पुढे सिलिंडरच्या भिंती घासते. रस्त्यांची कायम कामं चालू असलेल्या आपल्या शहरांत ही भेग मी सर्वांत आधी शोधीन. त्या कोपराच्या पाइपाला तीन-चार छोट्या नळ्याही येऊन मिळतात. त्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवून पाहा, वरून ठीक दिसणारा पाइप खालच्या बाजूने फाटलेला असतो.

भेग टर्बो आणि थ्रॉटल यांच्या मधे असेल, तर लक्षणं उलटी. गाडी उभी असताना तिथे दाब जवळजवळ नसतो, म्हणून आयडलिंग सुरेख. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तरी सगळं हिरवं दिसतं आणि तुम्हाला घरी पाठवलं जातं. पण घाटात पाय दाबला की टर्बोने दाबलेली हवा फुस्सकन बाहेर जाते. ती आधीच मोजलेली असल्याने पेट्रोल मात्र तिच्या हिशोबाने पूर्ण सुटतं. मग ताकद पडते, मागून काळा धूर येतो, पेट्रोलचा वास येतो आणि टर्बो तूट भरून काढायला उगाच जास्त राबतो.

तिसरी जागा थ्रॉटलच्या पुढची, म्हणजे मॅनिफोल्ड आणि त्याला जोडलेल्या नळ्यांचं जाळं. इथे आयडलला जोरदार ओढ आणि पाय दाबल्यावर दाब, अशी दोन्ही रूपं असतात. म्हणून सिग्नलला आरपीएम वरखाली होतो आणि चढावर दमही लागतो. याच जाळ्यातून ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळतो. पेडल नेहमीपेक्षा कडक लागत असेल, तर पिकअपचा विचार बाजूला ठेवा आणि ती नळी आजच बघा. तोवर गाडी बाहेर काढू नका.

एक छोटी नळी मात्र तुटली की ताकद वाढते! टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या वेस्टगेटला दाबाची खबर देणारी ही नळी. ती निसटली की वेस्टगेट उघडत नाही, दाब वाढत जातो, गाडी क्षणभर वेड्यासारखी पळते आणि कॉम्प्युटर घाबरून ताकद तोडतो. कोड येतो पी१५५७. अशा वेळी महागडा कंट्रोल वॉल्व्ह किंवा आख्खा टर्बो बदलायचा सल्ला ऐकण्याआधी त्या बोटभर नळीची दोन्ही टोकं जागेवर आहेत का ते बघावं.

आता आकड्यांकडे वळू. फोक्सवॅगन गटाच्या गाड्या वाचणारं निदानाचं सॉफ्टवेअर आणि केबल असेल, तर मेझरिंग ब्लॉक ०३२ उघडा. कॉम्प्युटरने मिश्रण सावरायला किती पेट्रोल वाढवलं वा घटवलं, ते तिथे टक्क्यांत दिसतं. पहिला आकडा आयडलचा, दुसरा चालत्या गाडीचा. शून्याच्या दोन्ही बाजूंना चार-पाच टक्क्यांपर्यंत मी निश्चिंत असतो. पहिला आकडा बराच अधिक आणि दुसरा शून्याजवळ असेल, तर मॅनिफोल्डच्या बाजूची गळती समजा. असं का? आयडलला हे इंजिन सेकंदाला जेमतेम दोन ते चार ग्रॅम हवा घेतं, पूर्ण ताकदीला १२० ग्रॅमच्या आसपास. बारीक छिद्रातून येणारी अर्धा ग्रॅम हवा आयडलच्या हिशोबात मोठी चोरी ठरते, हायवेवर ती कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसराच आकडा वाढला असेल, तर बहुधा एअर फ्लो मीटर थकलाय किंवा पेट्रोल पंप अथवा फिल्टर कमी पडतोय. तेव्हा नळ्यांमागे लागू नका. पी११३६ हा कोड पहिल्या आकड्याची मर्यादा ओलांडली गेल्याचा, पी११२८ दुसऱ्याची.

हे यंत्र इतकं शहाणं आहे, हीच मालकाची अडचण होते. कॉम्प्युटर महिनोन्‌महिने चूक सावरत राहतो, दिवा लागत नाही, गाडी इतक्या सावकाश मंदावते की तिच्या आळसाची आपल्यालाच सवय होते. म्हणून दिवा लागायची वाट न पाहता वर्षातून दोनदा तरी हे आकडे वहीत लिहून ठेवावेत.

आकड्यांनी दिशा कळते, जागा कळत नाही. तिच्यासाठी दाबाची चाचणी. प्लंबिंगच्या दुकानातून कोपराच्या पाइपात घट्ट बसेल अशी पीव्हीसी एंड कॅप आणा आणि तिला छिद्र पाडून पंक्चरवाल्याकडचा ट्यूबलेसचा वॉल्व्ह बसवा. इंजिन पूर्ण गार, चावी काढलेली. एअर फ्लो मीटर बाजूला करून कॅप पाइपात बसवा आणि क्लिप आवळा. क्रँककेसची हवा या पाइपात आणणारी जाड नळी काढून दोन्ही तोंडं बंद करा, नाहीतर दाब थेट इंजिनाच्या पोटात जाऊन सील ढकलेल. मग टाकी असलेल्या कॉम्प्रेसरने, रेग्युलेटर लावून, ८ पीएसआयपर्यंत हवा भरा. या गाडीचा मूळचा बूस्ट साधारण तेवढाच असल्याने जास्त भरायची गरजच नाही. कॅपच्या समोर तोंड नेऊ नका, निसटली तर ती गोळीसारखी येते. कान लावा, साबणाचं पाणी फवारा, फेस जिथे फुलेल तिथे खडूने खूण करा. उघड्या राहिलेल्या वॉल्व्हमधून थोडी हवा सायलेन्सरकडे जाणारच, तेव्हा दाब हळूहळू उतरला म्हणून घाबरायचं कारण नाही.

इंजिन चालू ठेवून नळ्यांवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारायचा आणि आरपीएम बदलतो का ऐकायचं, ही गॅरेजमधली जुनी रीत. या गाडीवर ती करू नये असं माझं ठाम मत आहे. तो ज्वलनशील फवारा आणि तापलेला टर्बो एकाच बॉनेटखाली असताना असा धोका कशाला पत्करायचा?

चाचणी चालू असताना तेलाचं झाकणही उघडून बघा. पिस्टन रिंगांच्या बाजूने येणारी हलकी फुंकर चालते. जोरात हवा येत असेल, तर मॅनिफोल्ड आणि क्रँककेस यांच्यामधला एकेरी वॉल्व्ह गेलाय. तो गेला की पाय दाबताच बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरतो आणि तेल मिळेल त्या सीलमधून बाहेर ढकलतो. अशा कितीतरी गाड्यांवर लोक सील बदलत बसतात, तेल पुन्हा गळतं, आणि काही शेकड्यांच्या वॉल्व्हकडे कुणी पाहत नाही. मॅनिफोल्डखालच्या त्या ब्रीदर नळ्या सगळ्यांत आधी कुजतात. तेलाच्या वाफेने रबर फुगून इतकं मऊ पडतं की दोन बोटांत धरताच तुटतं. तिथे हात घालणार असाल तर पूर्ण संच आणूनच घाला, कारण एक काढताना शेजारची तुटणार.

डायव्हर्टर वॉल्व्हची परीक्षा तर जेवणाच्या टेबलावरही होते. पाय उचलल्यावर अडकलेली दाबाची हवा टर्बोच्या आधीच्या पाइपात परत सोडणं हे त्याचं काम. त्याच्या आतला रबरी पडदा फाटतो, आणि मग बूस्टची हवा नुसती गोल गोल फिरत राहते. वॉल्व्ह काढा, आतली चकती बोटाने वर ढकला, बारीक नळीचं तोंड अंगठ्याने बंद करा आणि चकती सोडा. ती वरच थांबली तर पडदा शाबूत, लगेच खाली आली तर नवा आणा. मूळचा चांगला वॉल्व्ह या दाबाला पुरतो. मोठा आवाज करणारे, हवा बाहेर सोडणारे वॉल्व्ह बसवायचा मोह इथे होतो. तो आवरा : मोजलेली हवा बाहेर गेली की हिशोब पुन्हा बिघडलाच.

नवीन नळ्या घेताना रंगाला भुलू नका. निळ्या-लाल सिलिकॉनच्या नळ्या बूस्टच्या बाजूला उत्तम टिकतात, पण साध्या सिलिकॉनमधून तेल झिरपतं. ब्रीदरच्या जागी तेल सोसणारं रबर किंवा आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेली नळीच हवी. बारीक नळ्यांवर मूळच्या स्प्रिंग क्लिपा परत लावा. रबर आकसलं तरी त्या पकड सोडत नाहीत. स्क्रूची क्लिप जिथे वापराल तिथे धार रबरात रुतेपर्यंत आवळू नका. आणि चिकटपट्टी, एम-सील, प्लास्टिकचा टाय यांना बॉनेटखाली कायमची जागा देऊ नका. उन्हाळ्यातल्या एका लांब प्रवासात ते सुटतात आणि मग गळती शोधायला दुप्पट वेळ जातो.

सगळं जोडून झालं की जुने कोड पुसून कॉम्प्युटरला नव्याने शिकू द्या. काही दिवस शहरात आणि हायवेवर, दोन्हीकडे चालवून ब्लॉक ०३२ पुन्हा वाचा. पहिला आकडा उतरला असेल तर काम झालं. पीयूसीच्या जुन्या कागदांवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडाही नव्याशी ताडून बघा. पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या फिटनेसच्या वेळी तो नीट असलेला बरा. आकडा न उतरता तिथेच राहिला, तर इंजेक्टरखालच्या रबरी रिंगा आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट राहिलंय. पुढच्या आठवड्यात टायमिंग बेल्ट आणि त्याच्यासोबत फिरणारा पाण्याचा पंप. त्याआधी आपल्या गाडीचा बेल्ट शेवटचा कोणत्या साली बदलला, ते बिलावर शोधून ठेवा. बिल सापडलं नाही, तर तो बदललेला नाही असंच धरायचं.