लेन्सची किंमत ठरते कशावर?

३०० मिमीच्या दोन लेन्स; एक काही हजारांत, दुसरी लाखांत. फरक काचेच्या रुंदीचा. फोकल लांबीला एफ-आकड्याने भागलं की प्रकाशाच्या वाटेचा व्यास कळतो: एफ २.८ला सुमारे १०७ मिमी, एफ ५.६ला ५४. व्यास दुप्पट, प्रकाश चौपट. ताडोबात पहाटे बांबूच्या सावलीतून वाघ चालत निघाला, की महागडी लेन्स १/५०० सेकंदात काम भागवते; स्वस्तातलीला १/१२५ लागतो आणि पट्टे फिसकटतात.

तरी कर्ज काढू नका. एपीएस-सी कॅमेऱ्यावर साधी ७०-३०० लेन्स सुमारे ४५० मिमीइतकं जवळचं दाखवते. आयएसओ चौपट करा; दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो सहसा सुधारत नाही. सेकंडहँड लेन्स घेताना आत टॉर्च मारून बुरशी बघाच, कोकणातली असेल तर दोनदा.