दूध बंद करून बघू या?

बाळाची रात्र : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात आपण बाळाच्या झोपेचं चक्र पाहिलं. तान्ह्या बाळाचं एक चक्र साधारण पन्नास-साठ मिनिटांचं असतं. दोन चक्रांच्या सांध्यावर ते चुळबुळतं, थोडं जागं होतं, आणि त्यात आजार काही नसतो. पण एवढं समजूनही काही घरांतली रात्र सुटत नाही. आठ-नऊ महिन्यांचं मूल तासाभराने किंचाळत उठतं, पाय पोटाशी घेतं, उशीवर गाल घासतं, खांद्यावर घेतल्याशिवाय थांबत नाही. दिवसा पाहावं तर गालांवर आणि हातापायांवर लाल, खरखरीत चट्टे. मग घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी म्हणतं, "दूध बंद करून बघा." दूध बंद होतं. रात्र तशीच राहिली की अंडं बंद होतं, मग गहू, मग शेंगदाणे. बाळ अंगावर पीत असेल तर हीच कात्री आईच्या ताटाला लागते.

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याने फार नुकसान होतं, म्हणून आजचा लेख त्याच्यासाठी.

आधी बरोबर असलेला भाग. दुधाची ॲलर्जी आणि झोप यांचा संबंध ही काही आजीबाईंची समजूत नाही. १९८९ साली ब्रुसेल्सचे बालरोगतज्ज्ञ आंद्रे कान यांनी तो नीट तपासला. सतत जागणाऱ्या आणि दुसरं कोणतंच कारण न सापडलेल्या लहान मुलांचं गाईचं दूध त्यांनी बंद केलं. काही आठवड्यांत बहुतेकांची झोप सुधारली. त्यानंतर आईवडिलांना आणि तपासणाऱ्यांनाही कळू न देता त्यांनी दूध पुन्हा सुरू केलं, आणि जागरण परत आलं. या प्रयोगातल्या दोन गोष्टी सांगणारे सहसा विसरतात. न झोपणाऱ्या मुलांपैकी थोडीच मुलं या गटात बसली. बाकीच्यांच्या जागरणाची कारणं वेगळी होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कान यांनी दूध परत देऊन पाहिलं, आणि निदान झालं ते त्या वेळी. आपल्याकडे दूध बंद होतं. परत देऊन बघणं राहून जातं.

दुधाची ॲलर्जी दोन प्रकारे दिसते. एक तत्काळ येणारी. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलटी होते. इथे संशयाला फारशी जागा नसते. दुसरी उशिरा येणारी, काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी. शी पातळ होते, तिच्यात कधी शेंब आणि रक्ताचे धागे दिसतात, वारंवार ओकारी होते, इसब भडकतो, मूल रात्रभर कळवळतं. आईवडिलांना चकवते ती ही दुसरी. आज रात्रीच्या रडण्याचं कारण परवाच्या खिरीत असू शकतं आणि नसूही शकतं. म्हणून आठवणीवर विसंबून चालत नाही. साध्या वहीत काय खाल्लं, केव्हा खाल्लं, शी कशी झाली, रात्री किती वाजता उठलं, हे दोन आठवडे लिहून काढा. डॉक्टरांना त्या वहीतून जे दिसतं ते पुष्कळदा रक्ताच्या तपासणीतून दिसत नाही.

बाळ फक्त रात्री रडतं, पण वजन छान वाढतंय, कातडी स्वच्छ आहे, शी नीट होते आणि दिवसा ते खेळतं, तर दुधाच्या ॲलर्जीची शक्यता फार कमी राहते. नुसतं जागरण हे ॲलर्जीचं पुरेसं लक्षण नाही.

आता दुधाविषयीचे काही घोटाळे. 'दूध पचत नाही' आणि 'दुधाची ॲलर्जी आहे' या वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. लहान बाळांत हे बहुधा जुलाबांनंतर काही दिवसांपुरतं होतं. दुसरीत शरीर दुधातल्या प्रथिनांविरुद्ध उठतं. त्यामुळे ॲलर्जी असलेल्या बाळाला बिनलॅक्टोजची पावडर देऊन उपयोग नाही, प्रथिनं तिच्यात तशीच असतात. गाईचं सोसत नाही तर म्हशीचं द्या, बकरीचं द्या, हा सल्ला तर महाराष्ट्रात गावोगाव मिळतो. या तिन्ही दुधांची प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बाकीची दोन्हीही बाधतात. बकरीच्या दुधात फोलेटही फार कमी असतं. "आम्ही दूध चांगलं उकळतो" असंही आया सांगतात, पण दुधातलं केसीन हे प्रथिन उकळीला दाद देत नाही. दही आणि ताकातही तेच असतं. मात्र पिठात मिसळून बराच वेळ भाजलेलं दूध, केक-बिस्किटातलं, पुष्कळ मुलांना चालून जातं. बरं होत आलेल्या मुलाला दुधाकडे परत नेण्याची वाट बहुधा तिथूनच सुरू होते, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

मग संशय असेल तर करायचं काय? लक्षणं उशिरा येणाऱ्या प्रकारची असतील, तर डॉक्टरांशी बोलून दूध आणि दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करावेत. अर्धवट बंद करून काहीच कळत नाही. पाकिटावरची 'ॲलर्जीविषयक माहिती' वाचावी. भारतात दूध, अंडं, शेंगदाणा, सोया, गहू वगैरे घटकांचा असा उल्लेख करणं उत्पादकांना बंधनकारक आहे. एका वेळी एकच पदार्थ काढावा. मुदत संपली की, झोप सुधारलेली असली तरीही, तो परत देऊन बघावा. लक्षणं परत आली तर निदान पक्कं. आली नाहीत तर सुधारणा वयाने झाली, मलमाने झाली, दात येऊन गेल्यामुळे झाली, पण दूध बंद केल्यामुळे नक्की झाली नव्हती, आणि मूल त्या बंधनातून मोकळं झालं.

ज्या मुलाला गांधी, सूज, श्वासाचा त्रास असं तत्काळ काही झालेलं आहे, त्याला घरी परत देऊन कधीही बघू नये. ती परीक्षा इस्पितळातच व्हायला हवी.

परत देण्याचा मी इतका आग्रह धरतो याला आणखी एक कारण आहे. शरीर एखादा पदार्थ नियमित खाल्ल्याने त्याला सरावतं. इसब असलेल्या काही मुलांना आधी दूध किंवा अंडं बऱ्यापैकी सोसत होतं. नुसत्या संशयावरून ते कित्येक महिने बंद ठेवलं आणि नंतर दिलं, तेव्हा पूर्वी कधीच न आलेली तत्काळ, तीव्र ॲलर्जी उफाळली, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. काळजीपोटी केलेल्या बंदीतून खरा आजार उभा राहिला.

रक्ताच्या तपासण्यांचंही थोडक्यात सांगतो. साठ-सत्तर किंवा शंभर पदार्थांची यादी तपासून देणारे संच आता शहरोशहरी मिळतात. त्यांपैकी आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजणाऱ्या तपासणीला निदानात काहीही अर्थ नाही. ती फक्त मूल तो पदार्थ खातं एवढंच सांगते. आयजीई ही ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं मोजणारी तपासणी उपयोगाची आहे, पण लक्षणं पाहून, नेमक्या पदार्थासाठी केली तरच. कर्नाटकातल्या प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत रक्तात अन्नाविरुद्ध आयजीई सापडणारे सुमारे २६ टक्के होते. खाल्ल्यावर खरोखर त्रास होण्याची शक्यता दिसणारे होते एक टक्क्याच्या आसपास. कागदावर आलेल्या 'पॉझिटिव्ह'च्या भरवशावर मुलाच्या ताटातून आठ-दहा पदार्थ उचलले जातात, तेव्हा त्यांतले बहुतेक निरपराध असतात.

आता कातडीकडे येऊ. रात्र बिघडते तिथे माझा पहिला संशय तिच्यावर असतो. इसबाची खाज रात्री वाढते. रात्री अंगातल्या दाह आवरणाऱ्या कॉर्टिसोलची पातळी खाली असते, अंथरुणात त्वचा उबदार होते, ती जास्त पाणी गमावते आणि दिवसासारखं लक्ष दुसरीकडे लागत नाही. मूल झोपेतच खाजवतं, जागं होतं, रडतं. आईला वाटतं पोट दुखतंय. अशा मुलाचं दूध महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा आठवडाभर त्याच्या कातडीची नीट देखभाल केली तर रात्री अधिक लवकर सुधारतात. कोमट पाण्याची थोडक्यात अंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच भरपूर बिनवासाचं मलम, सुती कपडे, कापलेली नखं, आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर स्टिरॉइडचं मलम सांगितलंय तेवढे दिवस. या मलमाची धास्ती मला समजते. पण सांगितल्याप्रमाणे थोडे दिवस लावलेल्या सौम्य मलमापेक्षा महिनोन् महिने न झोपलेल्या मुलाचं नुकसान मोठं असतं.

कातडीचा संबंध खाजेपुरता थांबत नाही. लंडनचे ॲलर्जीतज्ज्ञ गिडिऑन लॅक यांनी मांडलेला विचार आता बराचसा मान्य झाला आहे. अन्नाची पहिली ओळख तोंडावाटे झाली तर शरीर ते स्वीकारतं. तीच ओळख भेगाळलेल्या, सुजलेल्या कातडीतून झाली तर शरीर त्याला शत्रू ठरवू शकतं. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेल्या चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. त्यांतले कित्येक त्याआधी बिनघोर गहू खात होते. हे वाचल्यावर मला आपल्याकडची बाळाची अंघोळ आठवते. डाळीचं पीठ आणि साय, बदामाचं तेल. धडधाकट कातडीच्या बाळाला यानं काही होत असेल असा माझा दावा नाही. पण ज्याला इसब आहे, त्याच्या चिरा पडलेल्या कातडीवर दूध, डाळ, बदाम असं कोणतंही अन्न चोळू नका. आजीची माया कमी लेखायची नाही; तिला मलमाची बाटली देऊन मालिश तिच्याकडेच ठेवता येतं.

त्याच विचाराची दुसरी बाजू २०१५ साली लॅक यांच्याच गटाने दाखवली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना पहिल्या वर्षापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना पूर्ण टाळायला सांगितले. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी ३.२ टक्के मुलांना. त्याआधी काही वर्षं अमेरिकेत ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा टाळण्याचा सल्ला अधिकृतपणे दिला जात होता. दाण्याचं कूट रोजच्या भाजी-कोशिंबिरीत असणाऱ्या आपल्या घरांना यात शिकण्यासारखं आहे. वरचं अन्न सुरू झालं की मऊ, पातळ केलेलं कूट देण्यास घाबरू नका. अख्खा दाणा मात्र नको, तो श्वासनलिकेत अडकतो. आणि बाळाला तीव्र इसब असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करा.

या सगळ्यात ज्या बाईचं कुणी विचारत नाही ती आई. बाळ रडलं की पहिला प्रश्न तिला, "काय खाल्लंस तू?" बाळंतिणीच्या पथ्यात आधीच वांगं, हरभऱ्याची डाळ, आंबट, फळं यांना मनाई असते, त्यावर ॲलर्जीच्या नावाने दूध, दही, अंडी, दाणे गेले की ताटात काय उरतं? आईच्या खाण्यातल्या दुधाची प्रथिनं अंगावरच्या दुधात अत्यल्प प्रमाणात उतरतात हे खरं आहे, आणि थोड्या बाळांना ती बाधतातही. पण त्यासाठी अंगावरचं दूध तोडायचं नसतं, आणि आईला उपाशी ठेवायचं तर मुळीच नसतं. तिचं दूध-दही ठरलेल्या मुदतीपुरतं बंद असेल तर तेवढे दिवस तिला कॅल्शियमच्या गोळ्या, नाचणी, तीळ, डाळी, मासे असं भरपूर मिळायला हवं. मुदत संपल्यावर फरक नसेल तर दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर दह्याची वाटी ठेवावी. दोन-दोन तासांनी उठणाऱ्या बाईवर अपराधाचं ओझं टाकणारं घर बाळाच्याही भल्याचं नसतं. रात्रीची एक खेप बाबांनी घ्यावी.

दोन सूचना घाईने, पण ठामपणे. झोपेसाठी बाळगुटीत जायफळाचे वेढे वाढवू नका. जास्त जायफळाने येणारी गुंगी ही विषबाधेची सुरुवात असते. सर्दी-खाजेची झोप आणणारी जुनी औषधंही रात्र काढण्यासाठी मनाने देऊ नका.

आणि एक कारण जे ॲलर्जीच्या गडबडीत निसटतं, ते म्हणजे लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. लोह कमी असलं की मूल झोपेत पाय झाडतं, तळमळतं. दिवसरात्र बाटलीने दूध पिऊन जेवण टाळणाऱ्या दीड-दोन वर्षांच्या मुलांत हे फार दिसतं. त्यांना दुधाची ॲलर्जी नसते, दूध जास्त झालेलं असतं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची साधी तपासणी त्यांच्या बाबतीत शंभर पदार्थांच्या यादीपेक्षा उपयोगी ठरते.

खाल्ल्यानंतर मुलाला धाप लागली, आवाज घोगरा झाला, ते निपचित पडलं, किंवा अंगभर गांधींसोबत उलट्या सुरू झाल्या, तर ॲलर्जीचं सिरप देऊन वाट पाहत बसू नका. त्याला आडवं ठेवा, धाप असेल तर बसतं ठेवा, १०८ला फोन करा किंवा जवळचं इस्पितळ गाठा. तिथे मांडीत दिलं जाणारं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार आहे.

दुधाची ॲलर्जी असलेली बहुतेक मुलं शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बरी होतात. म्हणून ज्यांच्या घरी संशयावरून दूध, अंडं किंवा गहू सहा महिन्यांहून अधिक काळ बंद आहे, त्यांना माझी विनंती आहे. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या आणि एकच प्रश्न विचारा, "हे परत कधी आणि कसं द्यायचं?" पुढच्या लेखात पाळणाघर आणि बालवाडीचा डबा.