लॅपटॉपची बॅटरी : स्वभाव आणि निगा

भारतीय घरांत बॅटरी ही काही नवी वस्तू नव्हे. मोटारीत, तसेच वीज गेल्यावर दिवे-पंखे चालविणाऱ्या इन्व्हर्टरला बहुधा शिसे व गंधकाम्ल यांची बॅटरी जोडलेली असते. ती रिकामी पडून राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक साचतात. म्हणून ती सदैव भरलेली ठेवावी, हा नियम योग्यच होय. निकेल-कॅडमियम बॅटरीच्या बाबतीत मात्र ती अधूनमधून पूर्ण रिकामी करूनच भरावी, असे सांगितले जाई. हे दोन्ही नियम पुढे लॅपटॉपच्या बॅटरीलाही लावण्यात आले. परंतु तिची घडण निराळी असल्यामुळे ते तिला हानिकारक ठरतात.

लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये तिच्यासाठी लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडाचे धनाग्र सुचविले. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये त्याला कार्बनयुक्त ऋणाग्राची जोड दिली आणि १९९१ मध्ये ही बॅटरी बाजारात आली. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांच्यासह या दोघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बॅटरी भरताना लिथियमचे आयन धनाग्रातून निघून मधल्या द्रवातून पलीकडे जातात आणि ऋणाग्रातील ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. बॅटरी वापरात असताना ते परत येतात. या येरझारांत थोडे लिथियम ग्रॅफाइटवरील एका पातळ पापुद्र्यात कायमचे अडकते. हा पापुद्रा आवश्यक असतो, कारण तो द्रवाचे विघटन थोपवून धरतो. पण तो हळूहळू जाड होत जातो आणि तितक्या प्रमाणात बॅटरीची धारणक्षमता घटते. बॅटरी न वापरताही हे चालूच राहते.

ही झीज वेगाने घडवून आणणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन : उच्च दाब आणि उष्णता. नेहमीच्या प्रकारातील घट पूर्ण भरला की त्याचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट होतो. चार्जर जोडलेलाच राहिला, तरी आतील नियंत्रक मंडल बॅटरी प्रमाणाबाहेर भरू देत नाही; मात्र दीर्घकाळ पूर्ण भरलेल्या स्थितीत राहणे हेच तिला जाचक असते. त्यात उष्णतेची भर पडली की झीज आणखी वाढते. मे महिन्यात नागपूर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात गादीवर ठेवलेला, हवेची छिद्रे बुजलेला आणि दिवसभर चार्जरला जोडलेला लॅपटॉप हे याचे ठळक उदाहरण होय.

यावरून निगेचे नियम सहज निघतात. रोजच्या वापरात बॅटरी सुमारे २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे हितावह असते. अनेक लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास भरणे थांबविण्याची सोय असते. टेबलावर सतत चार्जर लावून काम करणाऱ्याने ती अवश्य वापरावी. प्रवासापूर्वी बॅटरी पूर्ण भरण्यास हरकत नाही. लॅपटॉप टणक, सपाट पृष्ठभागावर ठेवावा. उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. अतिथंडीही वाईटच. लडाखच्या हिवाळ्यात गोठणबिंदूखाली गेलेली बॅटरी भरल्यास धातुरूप लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठावर साचू शकते. म्हणून ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. लॅपटॉप काही महिने वापरायचा नसेल, तर बॅटरी निम्मी भरून तो बंद करावा, थंड व कोरड्या जागी ठेवावा आणि मधून मधून तपासावा. पूर्ण रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली, तर ती पुन्हा कधीच भरता येणार नाही, असेही होऊ शकते.

एवढी काळजी घेऊनही काही वर्षांनी बॅटरी जीर्ण होतेच. आत वायू साचून ती फुगली, तर स्पर्शफलक वर उचलला जातो किंवा झाकण नीट मिटत नाही. असे दिसताच लॅपटॉप वापरणे व बॅटरी भरणे थांबवावे. तिला टोचू वा दाबू नये, कारण तिच्यातील द्रव ज्वालाग्राही असतो. ती जाणकाराकडून काढवून घ्यावी. जुनी बॅटरी घरच्या केरात टाकणेही धोक्याचे असते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये अशा बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनश्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. तेव्हा ती अधिकृत संकलन केंद्रात देणे, हे तिच्या निगेतील अखेरचे कर्तव्य होय.