नांव आणि अंक

गेल्या भाद्रपदांत आमच्या कैलासवासी वडील बंधूंची चेतक स्कूटर बंद पडली. ती त्यांनीं १९८५ सालीं घेतली होती. पुतण्या म्हणाला, "काका, आतां भंगारांत देऊन टाकूं." तें ऐकून वहिनी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या व एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, एकदां प्रयत्न करून पाहा." तो शब्द मोडणें आमच्यानें शक्य नव्हतें.

मिस्त्रीनें इंजिनाचें एक ऑइल सील गेल्याचें सांगितलें. जुन्या चेतकचें उत्पादन थांबून बरींच वर्षें झालीं. जळगांवच्या दुकानांत 'आतां येत नाहीं' हेंच उत्तर मिळालें. म्हणून एरंडोल-पारोळ्यावरून एस. टी. नें धुळें गांठलें. मुंबई-आग्रा महामार्गावरील गांव तें. सुट्या भागांचीं दुकानें पुष्कळ. "चेतकचें सील द्या," असें आम्हीं म्हटलें, दुकानदारानें दिलें. घरीं येऊन पाहतों तों तें बसेना!

दोष आमचाच. 'सैंधव' म्हणजे मीठही आणि घोडाही, हें विद्यार्थ्यांस शिकविण्यांत आमची हयात गेली. परंतु चेतक या एका नांवाखालींही अनेक घोडे आहेत हें ध्यानांत आलें नाहीं. १९७२ सालीं निघालेल्या या गाडीस मागाहून इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आलें, पुढें चार-स्ट्रोक इंजिन आलें. २०२० पासून तर त्या नांवाची विजेवरील गाडी विकली जाते.

दुसऱ्या खेपेस जुनें सील रुमालांत बांधून नेलें. एका वृद्ध दुकानदारांनीं गाडीचें नांव विचारलेंच नाहीं. सील पुसून त्यावरील तीन अंक वाचले. आंतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी, सर्व मिलिमीटरांत. बेअरिंगचेंही असेंच शास्त्र आहे. ६२०४ मधील शेवटच्या ०४ ला ५ नें गुणिलें कीं आंतील व्यास २० मिलिमीटर. ६२०५ चा २५. कारखाना कोणताही असो, माप तेंच. अंक झिजले असतील तर व्हर्निअर कॅलिपरनें मोजावें. 'जवळपास बसेल' असा भाग मात्र कदापि घेऊं नये. सैल सीलमधून इंजिनांत वारा शिरतो, पेट्रोलाचें प्रमाण घटतें, इंजिन तापतें आणि अखेर पिस्टन जखडतो.

दसऱ्यास वहिनींनीं चेतकला झेंडूची माळ घातली. पुतण्यानें पहिल्या किकेस गाडी सुरू केली. तेव्हां वाचकहो, बिघडलेला भाग घाईनें फेकूं नका. त्याच्या अंगावर त्याची जन्मपत्रिका लिहिलेली असते.