वाहनदुरुस्तीची मजुरी : दरामागील अर्थकारण

वाहनदुरुस्तीच्या बिलात मजुरीचा आकडा ग्राहकाला बहुधा खटकतो. मात्र ही मजुरी म्हणजे केवळ कारागिराचे वेतन नव्हे. जागेचे भाडे, वीज, यंत्रसामग्री, प्रशिक्षण आणि कामाची हमी यांचा खर्चही तिच्यातूनच भागवावा लागतो. समजा, कारागीर आठ तास हजर राहिला, पण पाचच तासांचे काम मिळाले, तर आठ तासांचा खर्च त्या पाच तासांवर पडतो.

तंत्रज्ञानातील बदलाने हा भार वाढविला. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ निकष लागू झाले. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या इंजिनातील बिघाड केवळ अनुभवाने ओळखणे कठीण झाले. स्कॅनर अपरिहार्य ठरला. शिवाय दुरुस्ती सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो.

दुसरे कारण मर्यादित स्पर्धा हे होय. सुटे भाग व बिघाड शोधण्याची साधने खुल्या बाजारात उपलब्ध न केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला; पुढे हा वाद अपिलात गेला. स्वतंत्र गॅरेज मागे पडले की ग्राहकापुढे अधिकृत केंद्राचाच पर्याय उरतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली. तिच्या विचारकक्षेत मोटारींचाही समावेश होता.

थोडक्यात, चढ्या दराचा काही भाग वास्तविक खर्चाचा, तर काही भाग निवडीच्या अभावाचा असतो. पहिला कौशल्यविकासाने आटोक्यात ठेवता येईल. दुसरा मात्र तांत्रिक माहिती खुली झाल्याविना कमी होणार नाही.