शमीखालची माती आणि दसऱ्याचे सोने

घट बसले की लष्करातल्या आपल्या मराठी घरांतून सोन्याची चौकशी सुरू होते. सराफ्यातल्या सोन्याची नव्हे. ते चौकशीच्या पलीकडे गेले आहे! पाने यंदा कोठून आणावयाची, शमीची की आपट्याची, आणि बाजारात जुड्या बांधून मिळतात ती खरोखर आपट्याची असतात काय, ही ती चौकशी. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो : पुष्कळदा नसतात. आपट्याचे पान लहान आणि जाडसर. कांचनाचे मोठे नि पातळ. दोन्ही जोडपानेच, त्यामुळे विकणाऱ्याचे फावते.

पण मला लिहावयाचे आहे ते निराळेच. झाडाच्या पानाला सोने म्हणावयाचे, ते लुटावयाचे आणि वडीलधाऱ्यांच्या हातावर ठेवून पाया पडावयाचे, यात नेमके घडते काय?

मुलांना आपण दोन कथा सांगतो. पहिली विराटपर्वातली. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शस्त्रे स्मशानाजवळच्या शमीवर लपवली आणि वेळ येताच अर्जुनाने उत्तराला झाडावर चढवून गांडीव खाली काढवले. त्या वेळी अर्जुन कोण होता? राजकन्येला गाणे-नाचणे शिकवणारा बृहन्नडा! आमच्या व्यवसायातला एवढा मोठा माणूस कीर्तनकारही घाईघाईने ओलांडून जातात, याचे मला नेहमी नवल वाटते.

दुसरी कथा कौत्साची. रघुराजाकडे त्याने गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मागितले, राजा कुबेरावर चालून जाण्यास निघाला, तोच रात्री सोन्याचा पाऊस पडला आणि उरलेले सोने अयोध्येच्या लोकांनी आपट्याखालून लुटून नेले. आता कालिदासाच्या रघुवंशाचा पाचवा सर्ग उघडा. तेथे सोने पडते ते राजाच्या कोशागारात. आपटा नाही, लूटही नाही. राजा सगळे देऊ पाहतो, शिष्य लागते त्याहून अधिक घेत नाही, आणि साकेतचे लोक दोघांनाही धन्य म्हणतात. म्हणजे झाड मागाहून आले. माझी समजूत अशी की पूजा आधीच चालत होती. कथा चालत चालत झाडाखाली येऊन थांबली.

पूजेचे शास्त्र धर्मसिंधूत आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी तो ग्रंथ १७९० च्या सुमारास लिहिला. दशमीच्या तिसऱ्या प्रहरी गावाच्या ईशान्येस जावे, शमी पुजावी, ती नसेल तर अश्मंतक, म्हणजे आपला आपटा. आणि शमीच्या मुळाशी असलेली ओली माती अक्षतांसह घेऊन गीतवाद्यांच्या घोषात घरी यावे. वाचकांनी लक्षात घ्यावे, शास्त्राने घरी आणावयास सांगितली ती माती! गवई-वाजंत्र्यांची सोयही करून ठेवली आहे.

हे सगळे मराठी फौजेच्या वेळापत्रकात चपखल बसले. आश्विनात पाऊस ओसरतो, नद्यांना उतार मिळतो, घोडी ताजीतवानी असतात. मोहीम निघावयाची ती दसऱ्याला सीमा ओलांडूनच. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तो पुन्हा उठला नाही आणि शहरालाच लष्कर हे नाव पडले. १८४३ मध्ये महाराजपूर व पनिहारच्या लढाया झाल्या, इंग्रजांनी फौजेवर मर्यादा घातली, आणि ओलांडावयास सीमाच राहिली नाही. विधी मात्र राहिला. सकाळी गोरखीच्या देवघरात पूजा, सायंकाळी मांढरे मातेच्या टेकडीवर शमीपूजन. शिंदे घराण्याचा प्रमुख शमीला तलवार लावतो आणि पाने पडताच माणसे तुटून पडतात. हे आजही चालते.

'लुटणे' हा शब्द पाहा. लुबाडणे हाही त्याचा अर्थ आणि हात सैल सोडून वाटणे हाही. दरबारात सरदार नजराणा करीत, म्हणजे सोने खालून वर जाई. शमीखाली ते वरून खाली पडे, आणि तलवारीच्या छायेतून ज्याच्या हाती लागेल त्याचे होई.

माझे वडील दरबारच्या गवयांपैकी. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तरी मांढरे मातेची वारी त्यांनी सोडली नव्हती. मिळालेले पान ते प्रथम गुरूंच्या घरी नेत आणि पूजेतल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ठेवीत. गुरू केव्हाच गेलेले होते. कौत्साची कथा ते मला सांगत ती राजाची म्हणून नव्हे, वरतंतूची म्हणून. वरतंतूने काही मागितलेच नव्हते. तुझी सेवा पुरे, म्हणाला होता. शिष्याने हट्ट धरला तेव्हा तो संतापला आणि चौदा विद्यांचे चौदा कोटी मागून बसला. संताप कशाचा? शिष्याला हिशेब मिटवावयाचा होता. चौदा कोटी दिले की गुरूचे काही देणे राहत नाही. पानाने मात्र काहीच फिटत नाही, म्हणून ते दर वर्षी द्यावे लागते. वासुदेवबुवा जोशींकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले; तिची पावती कोणी कोणत्या वहीत फाडावयाची?

मी फी घेतो, हे सांगितले पाहिजे. घर चालवावयाचे आहे. ती महिन्याच्या पहिल्या तारखेला फोनवरून येते आणि त्यात मला वावगे वाटत नाही. हल्ली दसऱ्याचे सोनेही त्याच फोनवर चित्ररूपाने येते. झाडे ओरबाडली जाऊ नयेत, हे कारण खरेच आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर तुडवलेल्या फांद्या पाहवत नाहीत. पण चित्र हातावर ठेवता येत नाही, आणि हातावर काही ठेवल्यावाचून माणूस वाकत नाही.

म्हणून गेल्या दसऱ्याला मी वर्गातल्या मुलांना धर्मसिंधूतला तो मजकूर वाचून दाखवला. आपल्या कोरड्या मुलखात शमी दुर्मीळ नाही. गावोगाव लोक तिला छोंकर म्हणून ओळखतात. मुले एका झाडाशी गेली, पानाला हात न लावता मूठभर माती अक्षता घालून उचलली आणि दुर्गा रागातली बंदिश म्हणत निघाली. चौकात एका मंडळाच्या भोंग्यांनी आमचा षड्ज पार बुडवला. सगळ्यांत धाकट्या मुलीने मातीची वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि भोंगे मागे पडताच तिनेच पुन्हा सूर लावला. तो आमच्या तंबोऱ्याहून अर्धा स्वर चढा होता. तसाच घेऊन आम्ही घरापर्यंत आलो.